सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा आणि डॉल्फिन दोन दिवसांत बसतं, पण बुकिंगच्या आधी तिथी बघा

ताई, तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकहून मालवणला येताय, हातात पूर्ण दिवस दोनच आहेत, तुम्ही दोघं, ८ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, पोहता कुणालाच येत नाही, आणि सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा आणि डॉल्फिन हे तिन्ही होईल का. होईल, निवांत होईल. फक्त तुम्ही हॉटेलच्या तारखा शनिवार-रविवार बघून ठरवताय आणि तिथंच सगळे चुकतात. मी मालवणचा, घरात पिढ्यानपिढ्या होडी, आणि गेली वीसेक वर्षं लोकांना पाण्याखाली नेतोय. एकच गोष्ट कळकळीनं सांगतो, इथं यायचं तर आधी कालनिर्णय उघडा आणि तिथी बघा. समुद्राला शनिवार-रविवार नसतो, त्याला चंद्र कळतो.

आमच्याकडचा जुना हिशोब सांगतो, मोबाईलवर भरतीचे अ‍ॅप यायच्या आधीपासून सगळे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, हाच वापरायचे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण भरती पूर्ण होते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाच्या आसपास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती, आणि मधे दुपारी बाराच्या पुढेमागे ओहोटी, जिला आम्ही सुकती म्हणतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सुकती. वद्य पक्षात पण तसंच, परत प्रतिपदेपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण दिवस आखायला एवढं पुरतं. नेमकी वेळ आणि पाणी किती मीटर चढेल ते हवं असेल तर भरतीचा तक्ता ऑनलाईन मिळतो.

आता याचा तुमच्या ट्रिपशी संबंध काय. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोनतीन दिवस उधाण असतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि त्या येण्याजाण्यात तळाची वाळू उठते, कर्ली आणि कोळंबची खाडी रिकामी होताना गाळ बाहेर येतो, आणि स्कुबाला खाली गेलात की स्वतःचा हात लांब केला तरी धूसर दिसतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाण्याला ओढ कमी, गाळ बसलेला. म्हणून माझ्या मते स्कुबासाठी सगळ्यात चांगले दिवस अष्टमी ते द्वादशी. का, तर या दिवसांत एक तर ओढ कमी आणि वर भरती सकाळी सहा ते नऊच्या मधे पूर्ण होते, म्हणजे बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी किल्ल्याच्या खडपांत, म्हणजे पाण्याखालच्या खडकांत, भरलेलं असतं तेव्हाच तुम्ही पहिल्या बोटीनं पोचता. त्यात डिसेंबरात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, त्यानं पाणी सपाट राहतं. दुपारनंतर समुद्रावरून वारा फिरला की लाटा खडकावर आपटून परत गढूळ. तीच जागा, तेच पैसे, सकाळी आठला आठ मीटरपर्यंत दिसेल आणि दुपारी तीनला दोन मीटर दिसणं कठीण, हे मी असंख्य वेळा बघितलंय आणि तीन वाजता आलेल्या माणसाला नेताना वाईट वाटतं.

सासूबाईंचं सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की त्यांना किनाऱ्यावरच बसवू का. अजिबात नको, त्यांना किल्ल्यावर न्या, फक्त भरतीच्या वेळेला न्या. सुकतीला होडी जेटीच्या खूप खाली जाते, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या होडीत खाली उतरायचं म्हणजे दोन जणांनी धरावं लागतं. पूर्ण भरतीच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर होडीचा काठ जेटीच्या बरोबरीला येतो, एक पाऊल टाकलं की झालं. किल्ल्याच्या बाजूला पण तेच. माझी आई सत्तरीत पण जायची देवीला, पण वेळ बघून जायची. मालवण जेटीवरून किल्ला दहा-पंधरा मिनिटांवर आहे, अंतर काहीच नाही, त्रास फक्त चढण्या-उतरण्याचा.

होडीत बसलात की लाईफ जॅकेट आधी घाला, मुलीला तिच्या मापाचं मागून घ्या, मोठ्यांचं ढगळ जॅकेट मुलांच्या डोक्यावरून निसटतं. आणि होडी किल्ल्याकडे निघाली की एक गोष्ट नीट बघा. ती सरळ जात नाही. समोर किल्ला दिसतोय, मधे नुसतं पाणी दिसतंय, तरी तांडेल वळसा घेतो. कारण पाण्याखाली खडक आहेत, सगळीकडे, कुठं हातभर पाण्याखाली, कुठं पुरुषभर. आम्ही त्यांना खडप म्हणतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजो मला पात, म्हणजे छोटी होडी, घेऊन इथं आणायचा आणि एका ठिकाणी नेहमी वल्हं थांबवून म्हणायचा, "हय पाण्याक ओढ आसा, बघ." वरून काहीच दिसत नसायचं, फक्त पाण्याच्या अंगावर एक बारीक सुरकुती उठायची आणि मोडायची. खाली खडक होता. ती सुरकुती ओळखता येते तो इथं होडी चालवू शकतो, नाही येत तो नाही.

आणि हाच किल्ल्याचा खरा तट आहे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेट निवडलं ते असंच नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला, १६६७ ला काम पुरं झालं, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. जंजिरा सिद्दीकडून घेता येत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्यात डच वखार, सुरतेत इंग्रजांची वखार, आणि सगळ्यांची जहाजं उंच आणि जड, त्यांना खाली खोल पाणी लागायचं. असं जहाज या खडपांत आणलं की तळ फुटणार. मराठ्यांची गलबतं उथळ तळाची, वल्ह्यांवर पण चालणारी, वाट माहीत असलेला तांडेल असला की ती या खडकांतून आत-बाहेर करायची. नंतरच्या काळात मोठी गुराबं आणि छोटी गलबतं अशी जोडी आरमारात असायची, आणि गलबताचं बळ हेच की वारा पडला तरी वल्ही आहेत. किल्ल्याचं बांधकाम चालू असतानाच फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज इथूनच, मालवणच्या बंदरातून बसरूरच्या स्वारीला निघाले, इंग्रजांच्या नोंदीत ८५ छोटी लढाऊ गलबतं आणि ३ मोठी जहाजं असा आकडा आहे. तुम्ही जेटीवर उभ्या राहाल तेव्हा समोरच्या त्या एवढ्याशा पाण्यात तेवढी शिडं एकदम डोळ्यापुढं आणून बघा, मुलीला पण सांगा.

तट बघायला जाल तेव्हा आतून वर चढायची सगळ्यांना घाई असते. माझं म्हणणं, आधी बाहेरून बघा, होडीतूनच. सुमारे तीस फूट उंच, बारा फूट रुंद आणि फेरा साधारण तीन किलोमीटरचा, पण आकडे सोडा, पाण्याच्या रेषेला बघा. सगळ्यात खाली हिरवंगार शेवाळ, त्याच्यावर पांढुरका खरखरीत पट्टा, ती कालवं, चिऱ्याला घट्ट चिकटलेली, हजारो. त्या पट्ट्याच्या वर दगड कोरडा आणि काळा. म्हणजे भरतीचं पाणी रोज कुठंवर येतं ती रेघ कालवांनी स्वतःच मारून ठेवलीय. साडेतीनशेहून जास्त वर्षं दिवसातून दोनदा त्या दगडाला समुद्र लागतोय. पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले असं आमच्याकडे सांगत आलेत. मी स्वतः तटाच्या बुडाशी डुबकी मारून हात फिरवलाय, दगडाच्या फटीत बोट जात नाही, पण फटीच्या कडेला लहान खेकडे आणि कोलंबीची पिल्लं लपलेली असतात. तो तट आता माशांचं पण घर झालाय.

दरवाजा तुम्हाला समोर आल्याशिवाय दिसणार नाही, दोन बुरुजांच्या मधे वळणात लपवलाय, जवळ होडी आली तरी अनोळखी माणसाला कळू नये म्हणून. आत गेल्यावर दरवाज्याच्या वरच्या बाजूला घुमटीत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, चुन्यातला. पुढं शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांच्या काळातलं, महाराजांची मूर्ती, डोक्यावर टोपी, आमच्या गाबीत-कोळ्यांच्या नावाड्यासारखी वाटते आणि मला ती मूर्ती बघून दर वेळेला भरून येतं, कारण हा राजा इथं घोड्यावरचा राजा म्हणून बसलेला नाही, दर्यावरचा माणूस म्हणून बसलाय. तिथं सेल्फीची गडबड करू नका, दोन मिनिटं शांत बसा. मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी बघा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं ते वर तरंगल्यासारखं राहतं, ४८ एकरांचं बेट आहे म्हणून एवढा साठा टिकतो. हे कळून तिथली जागा हेरणारे लोक किती बारीक विचार करत असतील. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्याकडून शहाळं, कोकम घ्या, किंमतीत घासाघीस नको, प्रत्येक वस्तू होडीतून आणावी लागते.

फेरीचे होडीवाले तासाभरानं परत फिरायला सांगतात, गर्दीत तसंच करावं लागतं त्यांना. तुम्ही चढतानाच सांगा की आम्हाला दोन तास हवेत, पुढच्या होडीनं येऊ, बहुतेक जण हो म्हणतात. सासूबाईंना मंदिराच्या सावलीत बसवा आणि तुम्ही तिघं तटावरून पश्चिमेच्या बाजूला जा, सगळे तिथवर जात नाहीत. तिकडून खालच्या खडपांवर फेस कुठं कुठं उठतो ते बघा, मघाशी होडीनं वळसा का घेतला ते वरून नकाशासारखं दिसेल. इंग्रजांनी १७६५ ला हा किल्ला घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं, वर्षभरात कोल्हापूरकरांना परत द्यावा लागला, आणि १८१२ च्या तहानं मालवण कायमचं त्यांच्याकडे गेलं. नाव मात्र आमचंच राहिलं. २०२३ चा नौदल दिन इथंच झाला ४ डिसेंबरला, तारकर्लीसमोर युद्धनौका उभ्या होत्या, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी पण आहेत. त्यामुळं गर्दी अजून वाढलीय, डिसेंबर अखेरीला तर विचारू नका. सकाळची पहिली होडी धरा.

आता स्कुबा. जी खडपं जहाजं फोडायची त्याच खडपांवर प्रवाळ आहे. वेगळी जागा नाही ती. म्हणून मी म्हणतो की किल्ला आणि मासे ही दोन वेगळी तिकिटं समजू नका. १९८७ ला हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि त्यातला सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आतला गाभा शेजारच्या छोट्या पद्मगड किल्ल्याच्या आसपासचा.

पोहता येत नाही याची काळजी नको. पहिल्यांदा येणाऱ्याला पंधरा-वीस फुटांच्या आतच नेतात, प्रशिक्षक टाकी धरून सोबत असतो, खाली पंधरा-वीस मिनिटं. शिकायचं ते दोनच गोष्टी. एक, श्वास कधीही रोखायचा नाही, तोंडानं सावकाश चालू ठेवायचा, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि कोंडली तर इजा होते. दुसरं, कान. दहा मीटरला दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणजे पाच मीटरलाही दीडपट, कानावर ते दोन मीटरपासूनच जाणवतं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधी, दुखायला लागल्यावर नाही. नाहीच मोकळा झाला कान तर हातानं खूण करायची आणि एक मीटर वर यायचं, जोर करायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कुबा नको म्हणजे नकोच, कितीही पैसे भरलेले असू देत.

दमा, हृदयाचं काही, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, हे फॉर्मवर खरं लिहा. एकदा एका माणसानं दमा लपवला होता, बायकोसमोर नाही म्हणायला नको वाटलं असेल. बारा फुटांवर त्याचे बुडबुडे एकदम भरभर यायला लागले, डोळे मोठे झाले, मी त्याला दोन्ही हातांनी धरून सावकाश वर आणलं, बोटीवर ऑक्सिजन होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी माणसाला बाजूला घेऊन एकट्याला विचारतो. आणि तुम्ही पण विचारा, बोटीवर ऑक्सिजन आहे का, एका माणसामागं एक प्रशिक्षक आहे का, त्याचं सर्टिफिकेट कुठलं आहे. फॉर्म न भरता थेट टाकी पाठीवर चढवणारा कुणी असेल तर तिथून उठा. पूर्ण कोर्स करायचा असेल कधी तर तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, पोहण्याच्या तलावात शिकवून मग समुद्रात नेतात.

मुलीला टाकी लावून नेऊ नका. समुद्रातला ज्युनियर कोर्स पण दहा वर्षांपासून आहे, ती ८ ची. तिला मास्क आणि नळी देऊन वरून दाखवा, जॅकेट घालून, मी अशा कितीतरी मुलांना नेलंय आणि मुलं मोठ्यांपेक्षा जास्त बघतात. भांगाच्या सकाळी किल्ल्याजवळ चार-पाच फुटांवर पण पिवळे-काळे पट्टेवाले सार्जंट मेजर मासे झुंडीनं दिसतात, फुलपाखरू मासे जोडीनं फिरतात, पोपट मासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कुरकुर आवाज पाण्यात खरंच ऐकू येतो. खडकाच्या कपारीत गोबरा मासा तोंड काढून बसतो. लायनफिश दिसला तर लांबून, त्याचे काटे विषारी. पायात बूट हवेतच, समुद्री साळिंदराचे काटे टाचेत गेले की ट्रिप संपली.

प्रवाळाबद्दल थोडं लांब लिहितो, राग येऊ देऊ नका, मला याचंच जास्त वाटतं. आमच्याकडं टर्बिनारिया नावाचं प्रवाळ खूप आहे, द्रोणासारखं किंवा मोठ्या पानासारखं पसरतं, जवळ गेलात तर पृष्ठभागावर बारीक बारीक फुलं उमललेली दिसतात. ती फुलं नाहीत, एकेक जीव आहे, पॉलिप, आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्याला देतं. पाणी जास्त तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं, आठवडे तसंच राहिलं तर मरतं. आम्ही ते पांढरे झालेले खडक बघितलेत. दुसरं पोराइटिस, गोल गोट्यासारखं, ते वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे कलिंगडाएवढा गोळा व्हायला दहा-पंधरा वर्षं. किल्ल्याच्या एका बाजूला टर्बिनारियाचा एक द्रोण होता, परातीएवढा, त्याच्या खाली नेहमी एक वाम, सापासारखी लांब मासळी, राहायची, मी दर सीझनला पहिल्या डाइव्हला तिला बघून यायचो. एका डिसेंबरात, असाच गर्दीचा आठवडा, कुणाच्या तरी बोटीनं बॉयाला, म्हणजे बोट बांधायच्या तरंगत्या पिंपाला, न बांधता नांगर सरळ खाली टाकला. मी खाली गेलो तर द्रोणाचे तीन तुकडे उलटे पडलेले, कडेची फुलं अजून उघडी होती, आणि वाम नव्हती. ते परत जुळत नाही. म्हणून तुम्ही ग्राहक म्हणून एवढंच करा, बोटवाल्याला विचारा, बॉयाला बांधणार की नांगर टाकणार. दहा जणांनी विचारलं की तो बदलतो, आम्ही सांगून बदलत नाही तेवढा तुमच्या विचारण्यानं बदलतो.

तसंच फोटोत मासे जास्त यावेत म्हणून बिस्किटं, ब्रेड टाकतात, त्याला नाही म्हणा. जे मासे शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवतात ते ब्रेडच्या मागं लागतात. काही उचलायचं नाही, प्रवाळाचा तुकडा, समुद्रघोडा, समुद्रकाकडी, काही नाही, वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीनं संरक्षण आहे त्यांना, मेलेला तुकडा पण बॅगेत घालायचा नाही.

स्कुबा पहिल्या दिवशी करा, दुसऱ्या दिवशी नाही, आणि याला कारण आहे. पाण्याखाली रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश निघायला हवा, म्हणून डाइव्हनंतर विमान आणि उंच घाट दोन्ही टाळायचे. एका उथळ डाइव्हला धोका कमीच, पण बारा तास तरी जाऊ द्या, जास्त डाइव्ह असतील तर अठरा. तुम्ही गाडीनं येताय, परतीला आंबोली किंवा गगनबावडा चढणार, आणि चिपी किंवा मोपावरून विमान धरणाऱ्यांनाही हेच लागू.

डॉल्फिन दुसऱ्या दिवशी पहाटे. तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती या पट्ट्यात दिसतात, आपल्याकडचे किनाऱ्याजवळचे हंपबॅक डॉल्फिन, राखाडी, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. उड्या मारून खेळ दाखवणारे नाहीत हे, शांतपणे पाठ दाखवून परत खाली जातात, आणि ते बघायला थांबावं लागतं. होडीवाल्याला आधीच सांगा, मागं लागायचं नाही, पन्नासेक मीटर लांब बाजूबाजूनं जायचं, पिल्लू दिसलं तर इंजिन न्यूट्रल. पाच होड्यांनी घेरलं की ते खाली जातात आणि लांब कुठंतरी वर येतात, सगळ्यांचाच वेळ फुकट. हे जीव आवाजावर जगतात, मासा आवाजानं शोधतात, इंजिनच्या गोंगाटात त्यांची शिकार बिघडते. इंजिन बंद केलंत आणि पाणी शांत असलं तर त्यांचा श्वास ऐकू येतो, "फुस्स" असा, तो एकदा ऐकला की मुलगी विसरणार नाही. मालवणात कोकण सीटेशियन रिसर्च टीमची माणसं बरीच वर्षं यावर काम करतायत, त्यांच्यामुळं आम्हाला पण कळलं की इथं पाठीवर पंख नसलेला छोटा फिनलेस पॉरपॉइज पण आहे, आणि २०१५ ला कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले होते.

व्हेल शार्क कधीतरी जाळ्यात येतो. पूर्वी जाळं महाग म्हणून माणूस विचार करत बसायचा. २०१८ च्या शेवटी राज्य सरकारनं ठरवलं की संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, तेव्हापासून कासवं, शार्क सोडल्याचे व्हिडिओ मच्छीमार स्वतः काढतात. कासवांचं म्हणाल तर डिसेंबरात ऑलिव्ह रिडलेची अंडी घालायची सुरुवात असते, वायंगणी, तांबळडेग या किनाऱ्यांवर गावातले लोक घरटी राखतात, पण पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत यावं लागेल, अंड्यांना पन्नासेक दिवस लागतात. खडपांत शेवाळ खाणारं हिरवं कासव मात्र डिसेंबरात पण दिसू शकतं, दिसलं तर त्याच्या वर जाऊ नका, त्याला श्वासाला वर यायचं असतं.

निवती रॉकच्या बाजूला जो दीपस्तंभ दिसेल तिथं वेंगुर्ला रॉक्स आहेत, गुहांमध्ये पाकोळी पक्ष्यांची लाळेची घरटी, पूर्वी चोरून विकली जायची. तिथं उतरायचं नाही, लांबून बघा. निवतीजवळच नौदलाची निवृत्त नौका गुलदार पाण्याखाली ठेवून कृत्रिम खडप आणि संग्रहालय करायचं काम शासनानं हाती घेतलंय. आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार, ते पण लोक विचारतात, ती विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आहे, दोन दिवसांच्या ट्रिपचं काम नाही.

डॉल्फिनच्या होडीत सासूबाईंना नेऊ नका, देवबागच्या बाहेर लाट असते. त्या वेळेला त्यांना तारकर्लीच्या किनाऱ्यावर बसू द्या, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर दोरी ओढताना पन्नास-शंभर माणसं दिसतील, शेवटी जाळ्यात तारली, पेडवे, बांगडे चमकतात आणि वाटे पडतात, त्यांना ते नक्की आवडेल. दुसरा पर्याय वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात, हळू, सपाट पाणी, गुडघ्याला काही त्रास नाही. देवबागच्या त्सुनामी आयलंडवर बनाना राईड वगैरे आहे, मुलीनं हट्ट केला तर अर्धा तास, त्याच्यासाठी सकाळ घालवू नका.

आता तारखांचं. तुम्हाला अष्टमी ते द्वादशीत दोन दिवस मिळाले तर पहिल्या दिवशी आठ वाजता स्कुबा आणि स्नॉर्केल. सासूबाईंची भरती दुसऱ्या दिवशी गाठा, डॉल्फिन पहाटे उरकून, म्हणजे द्वादशीला नऊ-दहा वाजता किल्ला बरोबर बसतो. आणि सुट्टी नेमकी पौर्णिमा-अमावास्येलाच अडकली असेल तर उलटं करा, स्कुबाकडून फार अपेक्षा नको, किल्ला भरतीला दहा ते बारामधे बघा, आणि संध्याकाळी साडेचार-पाचला दांडीच्या किनाऱ्यावर जा, उधाणाच्या सुकतीला पद्मगडाकडे जाणारी वाळूची वाट उघडी पडते. गावातला माणूस सोबत घ्या, पाणी वळलं की तो सांगेल तेव्हा लगेच परत, पाच मिनिटं पण थांबायचं नाही. तिथल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, छोटे मासे अडकलेले असतात, मुलीला उकिडवं बसून नुसतं बघू द्या, दगड उलटा केला तर तसाच परत ठेवायला लावा.

मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्या बंद असतात, हे इतरांसाठी लिहून ठेवतो. ट्रेननं यायचं तर कुडाळ उतरा. तुमच्या नेमक्या तारखा कळवा, त्या दिवशीची तिथी, भरतीची वेळ आणि किती मीटर पाणी आहे ते बघून पहिली होडी कितीची धरायची ते सांगतो.